खाली बस!

काल बागेत एका अनोळखी काकांनी माझ्या कुत्र्याला दरडावून ‘खाली बस!’ म्हटलं आणि मी बसलो. बाकावर नाही, ओल्या गवतात, इस्त्रीच्या पँटनिशी. कुत्रा उभाच होता.

यात माझा काडीचाही दोष नाही. आवाजच तसा होता. शाळेत पीटीच्या तासाला ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना कळेल. तो हुकूम मेंदूपर्यंत जातच नाही, गुडघे परस्पर अंमलबजावणी करून टाकतात. “पाहिलंत? धाक असा लागतो,” काका म्हणाले. कुणाकडे पाहायचं, ते काही बोलले नाहीत.

खरं तर त्या क्षणी बोक्या बसतच होता. (कुत्र्याचं नाव बोक्या. मुलीने ठेवलंय, मी वाद घालत नाही.) रीत अशी की खाऊ त्याच्या नाकाशी धरायचा आणि हात सावकाश डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपसूक खाली येतं. बूड टेकलं रे टेकलं की ‘शाब्बास’ आणि खाऊ. जरा उशीर झाला तर तोवर स्वारी उठलेली असते आणि आपण उठण्याबद्दल बक्षीस देऊन बसतो. तर त्याचं नाक वर होतं, मागचे गुडघे दुमडले होते, शेपटी गवताला टेकली होती, बूड फार तर चार बोटं अधांतरी. आणि काका प्रकटले.

“लाच देताय?”

“लाच नाही काका, बक्षीस.”

“फरक काय?”

“लाच आधी दाखवतात. बक्षीस काम झाल्यावर.”

“मग आधीपासून नाकाशी धरलंय ते काय?”

मुद्दा बिनतोड असल्यामुळे मला तो ऐकूच आला नाही. दाखवण्याचा खाऊ थोड्याच दिवसांत हातातून काढून टाकायचा असतो, नुसत्या खुणेवर बसवायचं असतं आणि मग खाऊ दुसऱ्या हाताने द्यायचा, हे मी सांगणार होतो. पण काका तोवर शिकवायला लागलेही होते. “बस. बस! अरे बस. बस ना रे. बसतोस का आता?” हुकूम एकदाच द्यायचा, हा या विद्येतला पहिला धडा. पाच वेळा म्हटलं की कुत्रा समजतो, पहिले चार नुसती प्रस्तावना आहेत. बोक्या मान तिरकी करून प्रस्तावना ऐकत राहिला.

“घरात आधी कोण जेवतं, तुम्ही की हा?”

“हाच. लवकर जेवतो तो.”

“तिथंच चुकतं! दारातून आधी कोण बाहेर पडतं? सोफ्यावर कोण बसतं? अहो, हा तुम्हाला कळपातला खालचा समजतोय. लांडग्यांचा अभ्यास करा जरा.”

आता लांडग्यांवर आले म्हटल्यावर मला राहवेना. ही कळपातल्या ‘अल्फा’ची, म्हणजे सगळ्यांवर हुकमत गाजवणाऱ्या म्होरक्याची, गोष्ट मुख्यतः प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947च्या अभ्यासातून आली आणि तो अभ्यास होता पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा. अनोळखी प्राणी बंद जागेत एकत्र कोंडल्यावर मारामाऱ्या होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या 1970च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी पोचवली. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999मध्ये त्याच लेखकाने लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि पोरं. सिंहासनासाठी लढाई वगैरे काही नसते. हे सगळं मी गवतात बसूनच सांगितलं, कारण उठायची आज्ञा अजून मिळाली नव्हती.

काका पहिल्यांदाच गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे लांडग्याचंही घरी काही चालत नाही?”

त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. पण लगेच सावरले. “ते राहू द्या. घंटा वाजवून बघा. तो रशियन नव्हता का?” काका, त्या पाव्हलॉव्हचे कुत्रे घंटा ऐकून बसत नव्हते, लाळ गाळत होते. पाव्हलॉव्हना 1904चं नोबेलही मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. लाळ आमच्याकडे विनाघंटा मुबलक आहे.

“तुमच्याकडे कुठला कुत्रा आहे?” मी शेवटी विचारलं.

“छे! घरात कोण घाण करून घेणार?”

आणि वर मलाच झापलं. वेळ दवडताय, लाडावून ठेवलाय, पुढे डोक्यावर बसेल. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा 2009चा एक प्रयोग आहे. कुत्र्यांचा तो ‘अपराधी’ चेहरा गुन्हा केला म्हणून होत नाही, मालक ओरडला म्हणून होतो. खाऊ न चोरलेला कुत्राही ओरडा बसला की तस्सा चेहरा करतो. काल माझा तोच चेहरा झाला असणार, कारण बोक्या माझ्याकडे फार समजुतीने बघत होता.

काका एक वेळ परवडले, निदान लांबून बोलतात. खरा वैताग आहे तो प्रेमळ माणसांचा. माणूस दिसला की अंगावर उडी मारायची नाही, हे शिकवायचा उपाय एकच. उडी मारली की कुणी लक्ष द्यायचं नाही, चारही पाय जमिनीवर आले की मगच कौतुक. घरात आम्ही सगळे दगडासारखे उभे राहतो. आणि बागेत कुणीतरी बाई दोन्ही हात पसरून, “असू दे हो, मला कुत्री आवडतात!” तुम्हाला आवडतात हो, पण हाच उद्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाडेल तेव्हा ‘शिस्त लावता येत नाही तर पाळता कशाला’ हे मलाच ऐकायचंय. दहा लोकांनी उडीकडे दुर्लक्ष केलं आणि अकराव्याने लाड केले, तर सवय सुटायचं राहिलं, उलट चिवट होते. अधूनमधून लागणाऱ्या लॉटरीचं तिकीट माणूस सोडत नाही, तर कुत्रा कशाला सोडेल? हे समजावून सांगेपर्यंत बाईंच्या खांद्यावर दोन पंजे असतात आणि त्या मला म्हणतात, “किती गोड! शिकवलंय वाटतं?”

म्हणून त्याच्यासाठी पिवळं जाकीट आणलं. दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत, ‘शिकवणी चालू आहे. कृपया हात लावू नका.’ आता लोक ते वाचायला जवळ येतात. चष्मा सावरत वाकतात. आणि वाकलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत पोचायला बोक्याला पूर्वीइतकी उंच उडीसुद्धा मारावी लागत नाही.