काका, ते ‘गेट’ राहू दे

नमस्कार काका,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, नीट उत्तर द्यावंसं वाटलं म्हणून हे जरा लांबतंय. तुमचं म्हणणं असं की मैत्रिणीच्या अल्बमचं तोंडभरून कौतुक म्हणजे फुकटची जाहिरात, गाण्यांत गेट, शिफ्ट, ओव्हरटाइम असले शब्द खटकतात, पाचवं गाणं यमक न जुळवताच संपतं, दुसऱ्यात आवाज दबलाय, आणि ज्या ठाण्यात गीतकार पी. सावळाराम राहिले तिथून असली गाणी यावीत याचं वाईट वाटतं.

मैत्रीण आहे हे मी पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. आणि खरं सांगू का, मैत्रीण आहे म्हणूनच त्या पाचव्या गाण्याबद्दल मला काही लिहिता आलं. ते तिच्या बाबांवर आहे. बाबा रबाळ्याला एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते, कंपनी बंद पडली, त्या जागी आता काचेची बिल्डिंग आहे, आणि ठाणे-वाशी लोकलने जाताना ते अजूनही सीट सोडून त्या बाजूच्या दारापाशी जाऊन उभे राहतात. बस, एवढंच गाणं. दोन वर्षांपूर्वी कळव्याला तिच्या घरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवटी आठवण-साठवण असं मस्त जुळलेलं यमक होतं, मीच म्हटलं होतं की आता याला हात लावू नकोस. तिने ती ओळ तीन-चार महिने ठेवली आणि मग काढूनच टाकली. म्हणाली, बाबा आठवण हा शब्द कधी बोलतच नाहीत गं, घरी आले की एवढंच सांगतात, आज गेट दिसलं, आज गेट उघडं होतं. म्हणून आता गाणं त्या गेटवर थांबतं आणि गिटारही तिथेच सुटते. तुम्हाला ते अर्धवट वाटलं, मला तिथे दर वेळी गलबलून येतं.

तिथे प्रवेशद्वार घातलं असतं तर ते बाबांचं गाणं राहिलंच नसतं. दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या त्या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी कामाला होतं त्यांना विचारा, शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास हे त्यांचं मराठीच आहे.

सावळारामांची गाणी मी आजीच्या रेडिओवर ऐकत मोठी झालेय, त्यामुळे ते वाक्य लागलं मला. पण काका, त्यांनी तरी काय केलं, सासर-माहेरचं, घरातल्या बाईच्या मनातलं तिच्याच बोलीत आणलं ना? आणि त्यांच्या शब्दांना वसंत प्रभूंची चाल होती, लताबाईंचा आवाज होता. इथे शब्द, चाल, आवाज सगळं एकटीचं, घर रुळांना लागून, म्हणून रेकॉर्डिंग शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली यायच्या आत, दोन कपाटांच्या मध्ये गोधड्या टांगून. तुम्ही आवाज घोगरा म्हणालात तो रात्री अडीचचा आहे, आणि त्या गाण्यांना तो शोभतो असं माझं ठाम मत आहे.

जाहिरातीचं म्हणाल तर, २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. एवढ्या लोकांपर्यंत ते पोचवणार कोण, तिच्याकडे ना कंपनी ना बॅनर. पहिले ऐकणारे ओळखीचेच असणार, आणि त्यांनीही लाजून गप्प बसायचं का?

दुसऱ्या गाण्याचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. गिटार पुढे आलीय आणि शब्द कळत नाहीत. मलाही ऐकताना जाणवलं होतं आणि मी ते लिहिलं नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. तिथे मैत्री आड आली, चुकलंच माझं. लेखात आता ते वाक्य घातलंय आणि काल तिला फोन करून तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. ती पुन्हा मिक्सिंगला बसतेय, आणि तिने विचारलंय की काकांना नक्की कुठल्या ओळीपासून ऐकू येईनासं होतं, मिनिट-सेकंद सांगता येईल का?