'पगारच पुरत नाही तर वाचवू काय?' ह्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की खर्च लिहून ठेवा आणि पगार झाला की बचत आधी बाजूला काढा, त्यावर तुमची चांगली लांबलचक आणि बऱ्यापैकी चिडलेली प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हे सगळे पोट भरलेल्यांचे सल्ले, ज्याचा पगार वीस तारखेलाच संपतो त्याने वही लिहून काय नुसतं रडत बसायचं? वर महागाई ६ टक्के आणि बँक देणार ३, म्हणजे साठवणारा येडाच, त्यापेक्षा कमाई वाढवा, काटकसर करून कोण श्रीमंत झालंय? दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखं हे नाही म्हणून वेगळं लिहितोय.

पहिला मुद्दा तर मान्यच आहे. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांचे हिशोब तपासून १८५७ सालीच सांगून ठेवलंय की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा खाण्यावर जातो. मग भाडं, औषधं, मुलांच्या फिया, आणि उरलं तर उरलं. अशा माणसाला छोट्या हौशी बंद करा म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ, त्या सल्ल्यांचा मलाही वैताग येतो. ते ५०-३०-२० वालं सूत्र (निम्मं गरजेला, ३० टक्के हौसेला, २० बचतीला) पण तिथे चालत नाही, कारण गरजाच ८० टक्के खाऊन टाकतात.

पण महिना नेमका मोडतो कुठे ते बघा ना. रोजच्या खर्चाने सहसा मोडत नाही, तो आपल्याला तोंडपाठ असतो. मोडतो तो वर्षातनं एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चाने. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीचे टायर, जवळच्या नात्यातलं लग्न, चष्म्याचा नंबर बदलला म्हणून नवा चष्मा. ह्यातलं अचानक फारसं काही नसतं हो, हप्त्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते आणि टायर झिजताना डोळ्यांना दिसत असतो, तरी दर वेळी आपण म्हणतो की ह्या महिन्यात जरा एक्स्ट्रा खर्च आला, आणि पुढच्या महिन्यात दुसरा कुठला तरी एक्स्ट्रा दारात उभा असतो. वही मी सांगितली ती ह्यांच्यासाठी, सुट्ट्या पैशांच्या हिशोबासाठी नाही. वर्षभरातले असे खर्च एका कागदावर मांडायचे, बेरीज करायची, बाराने भागायचं. जो आकडा येतो तो तुमच्या दर महिन्याच्या खर्चातलाच असतो, फक्त बिल उशिरा येतं.

माझा एक मित्र वर्षभराचं बँक स्टेटमेंट प्रिंट करून हायलायटर घेऊन बसला होता. त्यात फ्री ट्रायल म्हणून घेतलेलं एक अॅप सापडलं जे दर वर्षी आपोआप रिन्यू होत होतं, स्टेटमेंटवर नाव कंपनीचं भलतंच असल्यामुळे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. विकून टाकलेल्या फ्रीजची वाढीव वॉरंटी चालू होती ती वेगळीच 😄 खरं सांगायचं तर ह्यातनं वाचलेली रक्कम काही फार नव्हती. महत्त्वाचं जे दिसलं ते हे, की विमा, फी आणि गाडीचं सर्व्हिसिंग तिन्ही एकाच महिन्यात पडत होते आणि बरोबर त्याच महिन्यापासून क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरणं बंद व्हायचं.

इथेच तुमचा महागाईवाला हिशोब येतो. तुमचेच आकडे घेऊ. खात्यात १०० ठेवले तर वर्षाने त्यांची किंमत साधारण ९७ राहील, बरोबर. आता तेच १०० बाजूला नव्हते म्हणून कार्डावर थकले आणि व्याज महिन्याला ३ टक्के असलं तर? ३ गुणिले १२, ३६ नाही, व्याजावर व्याज धरून ४२ टक्क्यांच्या वर जातं, आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत देणं दुप्पट, लेट फी वेगळी. फक्त मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) भरत राहिलं तरी बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. मग ३ गमावणारा येडा की ४२ देणारा? हा पैसा वाढवायला ठेवलेलाच नाहीये, तो उधारी टाळायला आहे. दहा-वीस वर्षांनी लागणारा पैसा बचत खात्यात पडून असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण ती गोष्ट वेगळी.

राहिलं कमाई वाढवा. जरूर वाढवा, कोण नको म्हणतंय, पण पगारवाढ झाली की खर्च तिच्या आधीच वाढून बसलेला असतो हे तुम्हीही बघितलं असेलच. रिचर्ड थेलर (२०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल) आणि श्लोमो बेनार्त्झी ह्यांनी एका अमेरिकन कंपनीतला प्रयोग २००४ मध्ये छापला, तो मला फार आवडतो. 'आत्ता बचत वाढवणं परवडत नाही' असं म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच त्यांनी विचारलं, की आत्ता काही कापत नाही, पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला थोडा भाग आपोआप बचतीत वळवू, चालेल का? बहुतेक जण हो म्हणाले, आणि ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात कधी आलेच नाहीत ते पैसे, मग जीव कशाला तुटेल? म्हणजे कमाई वाढवणं आणि बचत बाजूला काढणं ह्यात भांडण नाहीच, वाढ होण्याआधी तिची वाट ठरवून ठेवायची एवढंच.

श्रीमंत होण्याबद्दल मी त्या पोस्टमध्ये काही लिहिलंच नव्हतं, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत 🙂

तुमच्या कार्डावर थकबाकी असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ती संपवा. नसेल तर मोठी यादी पण नको, सगळ्यात जवळची तारीख असलेला एकच खर्च घ्या, मधे जितके महिने आहेत तितक्यांनी भागा, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, त्या खात्याचं कार्ड घेऊ नका. पूर्ण रक्कम झेपत नसेल तर अर्धी लावा, निदान तेवढी तरी कार्डावर चढणार नाही.