चक्कर येणं म्हणजे मन शांत होणं नव्हे

मावशीनं चार दिवसांपासून बीपीची गोळी घेतलेली नाही, हे मला रविवारी त्रिमूर्तीनगरला तिच्याकडे गेल्यावर कळलं. कारण एक फॉरवर्ड. ‘झेन साधूंसारखं रोज सकाळी शंभर वेळा जोरात श्वास घ्या, पोट फुग्यासारखं फुगवा. ऑक्सिजन थेट पोटात जातो, मन शून्य होतं, 21 दिवसांत बीपीची गोळी सुटते. चक्कर आली तर घाबरू नका, ती मन शून्य झाल्याची खूण.’ आमच्या नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर हेच फिरतंय.

आधी त्या चक्करचंच घेतो. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. डोकं हलकं होतं, ओठांना-बोटांना मुंग्या येतात. मावशीला नेमकं हेच झालं, ओट्याला धरून ती खाली बसली. वर मलाच म्हणते, “काहून घाबरतो रे, तसं होते म्हणून लिहिलंच आहे न त्यात!” राग येतो तो याचाच. शरीर थांब म्हणतंय आणि मेसेज म्हणतो, चालू ठेव. सत्तरीतली बाई, घरात एकटी. ओटा हाताशी नसता तर?

आणि झेनच्या, म्हणजे बौद्ध ध्यानपरंपरेच्या, नावावर हे खपवायचं? जपानात झेनची सोतो ही शाखा रुजवणाऱ्या दोगेन या भिक्षूनं (1200–1253) ‘फुकानझाझेंगी’ या लिखाणात ध्यानाला बसायची रीत बारकाईनं लिहून ठेवली आहे. जाड आसन, ताठ पाठ, जीभ टाळूला, डोळे उघडे. श्वास नाकातून, हळुवार. सुरुवातीला एकदा पूर्ण सोडायचा, बस. जोर लावणं, फुगवणं, शंभरचा हिशेब यातलं काहीच त्यात नाही. नवशिक्यांना बहुधा श्वास एक ते दहा मोजायला सांगतात. मन भरकटलं की पुन्हा एकपासून. म्हणजे मन भरकटणार, हे तिथं धरूनच चाललेलं असतं. आपल्या नागपुरात तर आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, करणारे कितीतरी आहेत, त्यांना विचारा. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढं जाणायचं. सतिपट्ठान सुत्तात, बुद्धाच्या ध्यानावरच्या उपदेशात, हेच आहे.

पोटात ऑक्सिजन वगैरे काही जात नाही. हवा फुप्फुसातच राहते, श्वासपटल खाली सरकतं म्हणून पोट पुढे येतं.

एक मात्र मान्य करावं लागतं. झेनमध्ये बेंबीखालच्या जागेला, तानदेनला, महत्त्व आहे. 18व्या शतकात हाकुइन या झेन गुरूनं त्यावर बराच भर दिला. सावकाश श्वास घेऊन लांब सोडला तर ठोके मंदावतात, बीपीही थोडं उतरू शकतं. पण हे गोळी चालू ठेवून करायचं. मनानंच गोळी सोडली आणि बीपी चढलं, तर लकवा मारायला वेळ लागत नाही.

सोमवारी मावशीला डॉक्टरांकडे नेलं, गोळी पुन्हा सुरू झाली. आता ती बाल्कनीत खुर्चीवर बसून श्वास मोजते. काल म्हणाली, “चारच्या पुढं जातच नाही रे.”

म्हटलं, “मग परत एकपासून घे.”