बारभाईंचं आरमार: उभारणी आणि निगा

मागे एका व्याख्यानासाठी मला एक साधा तक्ता हवा होता. नाटोच्या ताफ्यातल्या युद्धनौकेला हुकूम कोण देतं, एवढंच दाखवायचं होतं. वर एक चौकोन, खाली चार, मध्ये रेघा. संध्याकाळपर्यंत कागदावर मांजरानं लोकरीचा गुंडा सोडावा तसं काहीतरी तयार झालं. संयोजक म्हणाले, "थोडं सोपं करता येईल का?" या मनःस्तापातून जे ज्ञान मिळालं ते फुकट वाटतो आहे. उद्या तुम्हाला चार शेजारी जमवून आरमार काढायचं झालं, तर उपयोगी पडेल.

सर्वप्रथम, सागरी सेनापती नेमा, पण त्याला जहाज देऊ नका. लंडनजवळच्या नॉर्थवूडला नाटोचं सागरी मुख्यालय आहे. त्याच्या हाताखाली चार कायमचे ताफे आहेत, दोन फ्रिगेट-विनाशिकांचे आणि दोन सुरुंग काढणारे. 'कायमचे' म्हणजे ताफ्याचं नाव कायमचं. जहाजं सदस्य देशांची, काही महिन्यांच्या बोलीवर आलेली. पूर्ण अधिकार कुठलंच सरकार सोडत नाही. मोहिमेपुरतं नियंत्रण तेवढं देतं, तेही अटी घालून.

आता मानापमान. इथे कंजुषी नको. १९५२ मध्ये अटलांटिकचा सरसेनापती अमेरिकन ठरला, मुख्यालय अमेरिकेतल्या नॉरफोकला. चर्चिलना हे सोसवेना. ब्रिटिश समुद्रावर परक्याचा हुकूम? मग इंग्लिश खाडीपुरता वेगळा सरसेनापती, तो ब्रिटिश, आणि दर्जानं थेट युरोप-अटलांटिकच्या सरसेनापतींच्या पंक्तीला! एवढीशी खाडी, पण पाट बरोबरीचा. हे पद १९९४ पर्यंत चाललं. तिकडे भूमध्य समुद्रात माल्टाला माउंटबॅटन बसवले. तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय. थाट मोठा, पण त्या समुद्रातली खरी ताकद म्हणजे अमेरिकेचा सहावा ताफा, आणि तो राहिला नाटोचा दक्षिण विभाग सांभाळणाऱ्या, इटलीतल्या नेपल्सच्या अमेरिकन अ‍ॅडमिरलकडे. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. पुढे फ्रान्सनं १९५९ मध्ये आपला भूमध्य ताफा नाटोकडून काढूनच घेतला. नव्वदच्या दशकात फ्रान्स म्हणाला, नेपल्सची खुर्ची आता युरोपियनाला द्या. अमेरिका नाही म्हणाली, फ्रान्स पुन्हा रुसला. आजही नाटोच्या नौदल प्रहारदलाचा सेनापती आणि सहाव्या ताफ्याचा सेनापती हा एकच माणूस आहे. म्हणजे विमानवाहू जहाजांच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला, हे पन्नास वर्षं भांडूनही बदललं नाही. मग ही भांडणं कशासाठी होती? माझ्या तक्त्यात तुटक रेघा वाढाव्यात म्हणून?

अटलांटिकचं मुख्यालय २००३ मध्ये मोडीत काढा आणि २०१८ मध्ये त्याच नॉरफोकला पुन्हा उघडायचं ठरवा.

बाल्टिक समुद्राच्या तळाशी असलेल्या केबलींची राखण नेदरलँड्समधल्या ब्रुन्सुमच्या मुख्यालयाकडे सोपवा. तिथून समुद्र दिसत नाही, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही.

जर्मनीतल्या रोस्टोकला बाल्टिकसाठी मुख्यालय उघडा, तिथे नाटोच्या देशांचे अधिकारी बसवा, आणि रशियानं डोळे वटारले की सांगा, हे जर्मन मुख्यालय आहे हो, पाहुणे आलेत फक्त.

शेवटचा सल्ला सोमालियाचा. चाच्यांचा बंदोबस्त करायचा समुद्र एक असेल तर ताफे तीन पाठवा: नाटोचा, युरोपीय संघाचा, आणि बहारीनहून चालणारा तिसरा. पहिल्या दोघांची मुख्यालयं एकाच नॉर्थवूडच्या आवारात ठेवा. सदस्य देश बरेचसे तेच असू द्या. मग समन्वयाच्या बैठका बहारीनला भरवा. हे सगळं...

नाही, आता पुरे. अहो, त्या पाण्यात व्यापारी जहाजांवरचे खलाशी महिनोन्‌महिने चाच्यांकडे ओलीस होते, त्यात आपलेही होते. त्यांच्या नातेवाइकांनी कोणाचं दार ठोठावायचं होतं? बैठकांमुळे काम कसंबसं निभावलं, हे मान्य. पण ते निभावलं समुद्रावरच्या अधिकाऱ्यांच्या शहाणपणानं, तुमच्या तक्त्यानं नव्हे. हीच सरकारं शिखर परिषदेत एकजुटीचा फोटो काढतात, आणि चार ताफ्यांसाठी जहाज मागितलं की दुरुस्तीचं कारण सांगतात. अ‍ॅडमिरलच्या खुर्चीसाठी पत्रापत्री करायला मात्र यांना वेळ असतो. लाज वाटत नाही? सुरुंग काढणारी जहाजं कमी पडतात, ती पाठवा आधी. खुर्चीवर कोण बसणार ते नंतर भांडा.