कुठं पाणी मुरतंय?

वॉकीटॉकी उघडणं कुणालाही जमतं. तो पुन्हा बंद करणंही बऱ्याच जणांना जमतं. तो बंद झालाय हे पाण्याला पटवून देणं, हा खरा व्याप. आपण पाहतो की सगळे स्क्रू बसलेत, कडा जुळल्यात, नॉब फिरतायत. पाणी यातलं काहीच पाहत नाही. ते सरळ फटीशी येऊन उभं राहतं आणि कुणी न विचारता आत जातं.

खोक्यावर 'वॉटरप्रूफ' असं छापलेलं असतं आणि आपण तो अमरत्वाचा वर समजून बसतो. पण हिरण्यकशिपूचा वरसुद्धा अटींच्या फटीतूनच गळला होता. यंत्रात पाणी कितपत शिरतं हे ठरवणाऱ्या आयईसी ६०५२९ या मानकातल्या आयपीएक्स-७ या वराच्या अटी अशा: पाणी गोडं, खोली १ मीटर, वेळ ३० मिनिटं आणि पाणी व यंत्र यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नको. यात समुद्र नाही, साबण नाही, नळीचा मारा नाही. माऱ्यासाठी ५ आणि ६ हे वेगळे आकडे आहेत, आणि ७ मध्ये पहिला आलेला वॉकीटॉकी ५-६ मध्ये खुशाल नापास होऊ शकतो. शिवाय ही परीक्षा दिली ती नव्याकोऱ्या नगानं. तुमच्या-माझ्या हातातला नग तीन वर्षं उन्हात तापलेला आणि दोनदा जमिनीवर आपटलेला असतो. त्याच्या नावावर ते जुनं प्रमाणपत्र तेवढं उरलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसवते ती तापमानाची अट. उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेला सेट २० अंशांच्या पाण्यात पडला की आतली हवा आकसते. हिशेब केला तर आतला दाब सुमारे ८ टक्क्यांनी, म्हणजे साधारण ८ किलोपास्कलनी उतरतो. हा दाब ८० सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका झाला. म्हणजे सेट वीतभर पाण्यात असला, तरी त्याच्या सीलना वाटतं आपण मीटरभर खोल आहोत. यात पाणी आत शिरत नाही, सेटच ते पितो. मग मालक शपथेवर सांगतो, 'अहो, नुसता बुडाला आणि लगेच काढला!' खरंच सांगतो बिचारा.

संशयितांची यादी लांब आहे. अँटेनाच्या बुडाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, आवाजाच्या आणि चॅनेलच्या नॉबच्या दांड्यांवरच्या ओ-रिंगा, बोलायचं पीटीटी बटण झाकणारं रबर, स्पीकरचा आणि माइकचा पडदा, हेडसेटच्या जॅकवरचं झाकण, बॅटरीच्या पत्र्यांभोवतीचं सील, स्क्रीनची कड, आणि बॉडीचे दोन अर्धे जुळतात तिथलं लांबलचक मुख्य गॅस्केट, म्हणजे रबरी पट्टी. माझा पहिला संशय नेहमी जॅकच्या झाकणावर असतो. बाकीचे सगळे जन्मठेपेचे कैदी, जागचे हलत नाहीत. हे एकटंच रोज उघडलं जातं, आणि बंद करताना अंगठ्यानं 'झालं' म्हणून दाबलं जातं. त्याच्या कडेला वाळूचा एक कण अडकला की पुरतं.

दुसरा संशय पीटीटीवर. हे रबर वरून पाहिलं तर साळसूद दिसतं. त्याची चीर फक्त वळणाच्या रेषेत असते आणि रबर ताणल्याशिवाय तोंड उघडत नाही. बटण अंगठ्यानं आत दाबून धरायचं, बाजूनं विजेरी मारायची आणि कडेची घडी नखानं हळूच बाजूला करायची. धागा ठेवल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तपास तिथंच संपला. डास पळवायच्या मलमात डीट नावाचं रसायन असतं, ते अनेक प्लॅस्टिकांना आणि रबरांना मऊ करतं. मलम लावलेल्या हातानं दिवसभर तेच बटण दाबायचं आणि मग डासांपासून वाचलो म्हणून खूश व्हायचं!

आता श्वासाचं भोक. अनेक सेटमध्ये, बहुतेकदा बॅटरीखाली, एक बारीक भोक असतं आणि त्यावर पांढरट पातळ पडदा चिकटवलेला असतो. तो ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्याच जातीचा. त्यातून हवा जाते, पाणी जात नाही. आतबाहेरचा दाब सारखा ठेवणं हे त्याचं काम. नवखा माणूस सेट उघडतो, हे भोक पाहतो, 'अरे, हीच ती फट!' म्हणून आनंदानं डिंक भरतो आणि यंत्राचं नाक कायमचं बंद करतो. या पडद्याचा मोठा शत्रू, साबण. साबणानं पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि जे पाणी पडद्यावर मोत्यासारखं थांबत होतं ते त्यात झिरपतं. म्हणून सेट धुवायचा तो साध्या पाण्यानं, आणि फटी शोधायला साबणाचा फेस लावायचा तर तो या पडद्यापासून, तसाच स्पीकर-माइकपासून, चार बोटं लांब ठेवायचा.

चाचणीचं पहिलं कलम: सेट उघडण्याआधी चाचणी. उघडला की पुरावा मोडला. दुसरं कलम: आधी पंप तपासा. गेज असलेला हातानं दाबायचा निर्वात पंप, म्हणजे हवा ओढून घेणारा पंप घ्यायचा, नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं, थोडा ताण ओढायचा, म्हणजे हवा काढून आतला दाब उतरवायचा, आणि काटा पाहायचा. काटा इथंच घसरला तर गळका आहे तो पंप. निर्दोष वॉकीटॉकी चारचारदा खोलून पाहणाऱ्यांत हे कलम गाळणारेच जास्त असतात.

मग बॅटरी काढायची, श्वासाच्या भोकावरचा पडदा किंवा तिथला स्क्रू काढायचा आणि त्या भोकाला नळी घट्ट लावायची. किती ताण द्यायचा ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल हाताशी नसेल तर मी १० किलोपास्कलवर थांबतो, कारण १ मीटर पाण्याचा दाबही साधारण तेवढाच, ९.८. पहिल्या काही सेकंदांत काटा थोडा उतरतो. पडदे ताणले जातात, रबरं आपापल्या जागी बसतात. पुन्हा तेवढाच ताण द्यायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. या दोन मिनिटांत सेटला हात लावायचा नाही. आतली हवा एका अंशानं तापली तरी दाब सुमारे ०.३ किलोपास्कलनी बदलतो, आणि प्रेमानं तळहातावर घेतलेला सेट काट्याला नाचवतो. माणसं देव पाण्यात ठेवून बसतात, आपण सेट टेबलावर ठेवून बसायचं.

ताण ओढूनच का, हवा भरून का नाही? पाण्याखाली दाब बाहेरून आत असतो आणि ताण ओढला की सीलवर तोच, तसाच भार येतो. हवा भरली की भार उलटा होतो. स्पीकरचा पडदा आपल्या गोंदावरून सुटून बाहेर येऊ पाहतो, आणि नसलेली फट आपणच तयार करतो. सेट गळतोय की नाही हे ताणानं ठरवावं. कुठून गळतोय हे शोधायला मात्र हवा हवीच, पण बेतानं, ४-५ किलोपास्कल पुरे. सेट चार बोटं पाण्यात आडवा धरायचा आणि बुडबुडे पाहायचे.

बुडबुडे वाचणं ही वेगळी विद्या आहे. सेट पाण्यात घातल्याबरोबर स्पीकरच्या जाळीतून, नॉबखालून, लेबलाच्या कडेनं बुडबुड्यांची वरात निघते आणि नवखा घाबरतो. ती बाहेरच्या खाचांत अडकलेली हवा. मऊ ब्रशनं झटकली की संपते. खरी फट अशी घाई करत नाही. एकाच जागी मण्याएवढा बुडबुडा फुगतो, क्षणभर रेंगाळतो, सुटतो, आणि तेवढ्याच वेळानं त्याच जागी दुसरा. नळ टपकल्यासारखा ठेका सापडला की तिथं खूण करायची. सेट पाण्याबाहेर येऊन कोरडा पुसला जाईपर्यंत आतला दाब सोडायचा नाही. पाण्याखालीच सोडला, तर जिथून हवा बाहेर आली तिथूनच पाणी आत जातं, आणि चाचणीनंच सेटचा जीव घेतला असं होतं.

पंप नसेल तर गरिबाघरचा उपाय म्हणून कोमट पाणी. २५ अंशांवरचा सेट ४५ अंशांच्या उथळ पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवला की आतली हवा फुगते आणि फट असेल तर ठेका सुरू होतो. श्वासाच्या पडद्यातून आलेले बुडबुडे मात्र गुन्हा धरायचे नाहीत, ते त्याचं कामच. चाचणीपुरती त्यावर चिकटपट्टी लावली तर आत दाब नीट धरतो. सेट गरम असतानाच बाहेर काढायचा. पाण्यातच थंड होऊ दिला तर तो प्यायला लागेल, हा हिशेब वर झालाच आहे.

फट सापडली, आता दुरुस्ती. जुनी ओ-रिंग काढून आडवा छेद पाहिला तर तिचं नाव ओ आणि आकार डी झालेला असतो. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं दाबली गेल्यावर रबराची उसळी जाते. अशी रिंग ग्रीज लावून परत बसवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, फक्त इथं पाणी घड्यात शिरतं. रिंग काढायला सुई वापरायची नाही. सुईचा ओरखडा खाचेच्या तळाशी पडला की तो पाण्याचा राजमार्ग. लाकडी टूथपिक बरी. नवी रिंग घेताना आतला व्यास आणि रबराची जाडी, दोन्ही मापायची. दिसायला सारखी म्हणजे सारखी नव्हे. १ मिलिमीटरच्या जागी १.२ ची बसवली तर झाकण बसत नाही, आणि मग झाकण बसवण्यासाठी स्क्रूवर जोर येतो.

खाच अल्कोहोलनं पुसायची. आयसोप्रोपिल चालतं, ॲसिटोन नको, कारण त्यात सेटची बॉडीच विरघळायला लागेल. मग भिंगातून एकदा संपूर्ण फेरी मारायची. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, आणि रिंगेखाली एक केस आडवा राहिला की त्याच्या दोन्ही अंगांना दोन बारीक बोगदे तयार होतात. केसानं गळा कापणं या वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ तेव्हा कळतो. पुसायला कापूस वापरणारे तर केसांची वखारच आत सोडतात.

ग्रीजबद्दल दोन टोकाचे पंथ आहेत, एक लावतच नाही आणि दुसरा लिंपतो. प्रमाण टाचणीच्या डोक्याएवढं. बोटांत फिरवल्यावर रिंग चकाकली पाहिजे, पांढरी दिसता कामा नये. नायट्राइल किंवा ईपीडीएम रबर असेल तर सिलिकॉन ग्रीज. रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीज नको, ती फुगते. घरातली व्हॅसलीन आणि तत्सम पेट्रोलियम पदार्थ ईपीडीएमला फुगवतात, म्हणून तो मोह टाळलेला बरा. ग्रीजचं बोट गोंदाच्या जागी लागलं तर तिथं पुढं काही चिकटत नाही.

मुख्य गॅस्केट म्हणजे धाग्यासारखं बारीक, लांब कडं. एका टोकापासून बसवत गेलात तर ते नकळत ताणलं जातं किंवा लोटलं जातं, आणि शेवटी एकतर कमी पडतं किंवा बोटभर उरतं. उरलेलं कोपऱ्यात कोंबायचं नाही. आधी चार कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग उरलेलं. रबरावर साच्याची एक पुसट रेघ असते. ती खाचेच्या कडेनं सरळ धावली पाहिजे. मध्येच पोटाखाली गेली आणि पलीकडून वर आली तर कडं पिळलंय.

स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जाणारे असतील तर आधी उलटे फिरवायचे. 'टक्' असा बारीक आवाज होऊन स्क्रू जुन्या आट्यात पडतो, मग पुढं. समोरासमोरचे आळीपाळीनं, दोन फेऱ्यांत. शेवटचा पीळ मनगटाच्या मर्जीवर नको, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, म्हणजे पिळाच्या मापावर. जास्त आवळलं म्हणजे जास्त बंद, हा भ्रम आहे. स्क्रूजवळ कड दबते, दोन स्क्रूंच्या मधोमध कमान उचलते, आणि फट नेमकी तिथं पडते.

यातलं काहीच न करता बाहेरून सगळीकडे सिलिकॉन फासणारेही असतात. त्यातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि आतल्या तांब्याला खातं. सेटला पाण्यापासून वाचवून लोणच्यात घालण्यातलाच हा प्रकार. आणि पाणी शिरल्यावर तांदळाच्या डब्यात पुरणाऱ्यांना एकच सांगणं: बॅटरी आधी काढा. ओल्या सर्किटला वीज मिळत राहिली की गंज फार झपाट्यानं धावतो. खारं पाणी गेलं असेल तर उघडून डिस्टिल्ड पाण्यानं धुवावं लागतं. मीठ काही तांदूळ शोषून घेत नाहीत.

माइकचा पडदा मी मुद्दाम शेवटाला ठेवला, कारण तो बसवायचा असतोही शेवटी. गोंदाचं कडं फक्त कडेला, मधली टिकली मोकळी. तो थरथरला तरच आवाज आत जातो. इथवर आलेला माणूस दमलेला असतो आणि 'गळायला नको' एवढंच त्याच्या डोक्यात घोळत असतं. काटा दोन मिनिटं जागचा हलत नाही, पाण्यात एक बुडबुडा येत नाही, श्वासाच्या भोकावर नवा पडदा लागतो, गंगेत घोडं न्हातं. बॅटरी चढवून तो ऐटीत पीटीटी दाबतो आणि विचारतो, 'ऐकू येतंय का? ओव्हर.'

पलीकडून उत्तर येतं, 'येतंय, पण पाण्याखालून बोलल्यासारखं. ओव्हर.'

माइकच्या पडद्याच्या मधोमध गोंद लागलेला असतो. स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात.