'एक अनुभवी' यांस : सहनशक्तीबद्दल थोडंसं

घोट्याच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर मी लिहिलं, त्याखाली परवा 'एक अनुभवी' या नावाने एक प्रतिक्रिया आली. ती मी उडवलेली नाही. थोडक्यात आशय असा : हाडाचं नाव चुकलंय, दुखणं धोक्याचं कधी समजायचं हे लिहिलेलंच नाही, लेख पाल्हाळिक आहे. आणि मग हे वाक्य : "माझंही हेच ऑपरेशन झालंय, तिसऱ्या दिवसापासून एक गोळी घेतली नाही, दुखणं बरंचसं मानण्यावर असतं, तुमची सहनशक्तीच मुळात कमी दिसते."

आधी चूक कबूल करते, म्हणजे आडमुठेपणाचा शिक्का नको. घोट्याचं बाहेरचं हाड म्हणजे नडगीचं टोक, असं मी लिहिलं होतं. नडगीचं टोक आतल्या बाजूला असतं. बाहेरचं फिब्युलाचं, म्हणजे नडगीला लागून जाणाऱ्या बारीक हाडाचं. माझी दोन्ही टोकं मोडली होती, त्यात माझा घोळ झाला. दुरुस्त केलंय. आभारी आहे.

आता सहनशक्ती. आपण मला ओळखत नाही, मी आपल्याला ओळखत नाही. तरी आपण माझी सहनशक्ती मापून मोकळे झालात. कशावरून? मी दुखलं असं लिहिलं, एवढ्यावरून! दोन बाळंतपणं झालीत माझी, त्यातलं पहिलं एकोणीस तासांचं. पाय मोडला त्या रात्री मी "मुरगळला असेल" म्हणत बर्फ लावून झोपले होते, सकाळी एक्स-रे बघून डॉक्टर माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघत राहिले. हे मिरवण्यासाठी सांगत नाही. (बरं, थोडं मिरवण्यासाठीच सांगतेय.)

आणि गोळी न घेण्याचा तुमचा पराक्रम मीही करून पाहिलाय, तोही पहिल्याच रात्री. ऑपरेशनच्या वेळी गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन पायाची नस बधिर केली होती. संध्याकाळभर पाय ओंडक्यासारखा पडून. भेटायला आलेल्यांना मी "काही दुखत नाही हो" असं हसत सांगत होते. रात्री दहाला सिस्टर गोळी घेऊन आल्या तर मी म्हटलं, दुखतच नाहीये तर कशाला? असा ब्लॉक साधारण १२ ते २४ तासांत उतरतो आणि उतरल्यावर दुखणं एकदम उसळून येऊ शकतं, म्हणून तो उतरायच्या आत औषध पोटात हवं, हे मला नंतर कळलं. पहाटे तीनला तो उतरला. कॉटच्या दांडीला मी इतकं घट्ट धरलं होतं की सकाळी बोटं सरळ होईनात.

सिस्टरनी विचारलं, "दहापैकी किती?" मी म्हटलं, "ठणकतंय." "आकडा सांगा." आता आकडा काय सांगणार? घोटा ठणकत होता, टाक्यांपाशी ठसठस होती, पावलाच्या वरच्या बाजूला नुसती भगभग, आणि मध्येच पोटरीतून कळ जायची. मी नऊ म्हटलं, कारण दहा म्हणायची लाज वाटली. तुमच्यासारखी माणसं आजूबाजूला असतात ना, म्हणून वाटते ती लाज.

भगभगीचंही सांगून टाकते. ऑपरेशनसाठी बाहेरच्या बाजूला घेतलेल्या छेदाच्या जवळून पावलाच्या पाठीला संवेदना पुरवणारी एक बारीक नस जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली, दुखावली, तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, आग होते. मला महिनाभर चादरीचा स्पर्श सोसत नव्हता. नवऱ्याने पायाशी पुठ्ठ्याचं खोकं उभं करून चादर अधांतरी धरली, तेव्हा झोप लागली. तुमची नस शाबूत राहिली असेल, चांगलंच आहे. त्यात तुमचं कर्तृत्व काय? तुमचं एक हाड मोडलं होतं की दोन, की घोट्याच्या मागच्या हाडाचा तुकडाही, हाड जागेवरून सरकलं होतं का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. "हेच ऑपरेशन" म्हणे!

'मानण्यावर' हा शब्द मला विशेष लागला. आयएएसपी ही वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा शरीराच्या जाणिवेचा आणि भावनेचाही अनुभव आहे, असं ती म्हणते. 'भावना' दिसली की तुम्ही लगेच "बघा!" म्हणाल, म्हणून त्याच व्याख्येखालची टीपही सांगते : कुणी दुखतंय म्हटलं तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेवर संशोधन करणाऱ्या दोघांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते कमीजास्त उघडतात. भीती, जागरण, काळजी यांनी दुखणं वाढतं ते असं. म्हणजे मनाचा वाटा आहेच, मी कुठे नाकारलाय? पण माझं फाटक सताड उघडं राहिलं तर तो माझ्या स्वभावाचा दोष कसा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या, २०२२ पासून लागू झालेल्या, रोगांच्या यादीत ऑपरेशननंतर तीन महिन्यांपलीकडे रेंगाळणाऱ्या वेदनेची वेगळी नोंद आहे. 'कमी सहनशक्ती' अशी नोंद काही मला सापडली नाही.

गोळ्या मी ठरलेल्या वेळेला घेतल्या, सतरा दिवस. वेळेवर घेतल्या म्हणून झोप झाली, झोप झाली म्हणून पायाची बोटं हलवायचा व्यायाम झाला. ज्या दोन दिवशी मी शूरपणा केला, त्या दोन दिवशी बोटं हलली नाहीत. फिजिओथेरपिस्टचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

राहिलेले मुद्दे. पाल्हाळ : आहे. वाचायची सक्ती नाही.

धोक्याची लक्षणं : मी अनुभव लिहिला होता, पाठ्यपुस्तक नाही. तरी मागितलंच आहे तर घ्या, लेखाच्या वरच डकवलंय. औषध घेऊनही वाढतच जाणारं, न आवरणारं दुखणं, बोटं कुणी हलवली तरी जीव जाणं, पोटरी दगडासारखी ताठ, बोटं बधिर किंवा गार पडणं : सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला तर काही तासांत कायमचं नुकसान होतं. पोटरी सुजून दुखायला लागली, तर रक्ताची गाठ असू शकते; दम लागला, छातीत दुखलं, तर अजिबात थांबू नका. ताप, जखमेतून पू, कमी झालेलं दुखणं पुन्हा चढणं हे जंतुसंसर्गाचं. आधीच लिहायला हवं होतं का? असेल. पण तुम्ही ते एवढंच म्हणाला असतात तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं.

सुरुवातीला मी तुम्हाला 'आपण' म्हणत होते, मधेच कधी 'तुम्ही' झालं ते आत्ता वाचताना दिसलं. राहू दे तसंच.

हे सगळं टेबलाशी बसून, पाय खाली सोडून लिहिलंय. तास झाला. चार महिने झाले तरी पाय असा लोंबकळत ठेवला की रक्त उतरतं, घोटा जांभळट होतो, मोज्याची वीण कातडीवर उमटते. आता आडवं होऊन, दोन उश्या घेऊन, पाय छातीपेक्षा वर. आजचा ठणका तुमच्या नावावर मांडतेय.