प्रभारी नको, पूर्ण वेळ देणारा संचालक हवा

फार्माकोजेनॉमिक्सचा, म्हणजे रुग्णाची जनुकं पाहून औषध आणि डोस ठरवण्याचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम नाशिकमध्ये काढायचा म्हटलं की पहिला वाद संचालकाच्या पदवीवर: एमडी, एम.फार्म. की जनुकशास्त्रातला पीएच.डी.? अमेरिकेतून पाहताना वाटतं, अडचण वेगळीच आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, पण शहरातली बहुतेक फार्मसी महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली. डॉक्टर एका घरात, फार्मासिस्ट दुसऱ्या. दोन्ही घरांत ज्याचा शब्द चालेल असा माणूस हवा.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्राध्यापकाला पीएच.डी., १० वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि संशोधनाचे १२० गुण लागतात. ते बघाच. पण जनुक-चाचणीचा रिपोर्ट वाचता येतो का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मुलाखतीत तासभर काढा आणि तीन रिपोर्ट समोर ठेवा.

पहिला: अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण, रक्ताची गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल चालू, ते सक्रिय करणारं जनुक सीवायपी२सी१९ *२/*२, म्हणजे दोन्ही प्रती निकामी. हे औषध यकृतात सक्रिय व्हावं लागतं. या रुग्णात ते पुरेसं होत नाही. उमेदवार त्याऐवजी प्रासुग्रेल सुचवेल, पण आधी पक्षाघात होऊन गेलाय का हे त्यानं विचारलं पाहिजे. झाला असेल तर प्रासुग्रेल बाद. दुसरा पर्याय टिकाग्रेलोर, पण ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. रुग्णाला ते जमेल का, परवडेल का?

दुसरा रिपोर्ट सीवायपी२डी६ *१/*१ (हेही औषधांवर प्रक्रिया करणारं जनुक). ‘नॉर्मल’ म्हणून तो पुढे सरकला तर थांबवा. *१ म्हणजे तपासलेले बदल सापडले नाहीत, एवढंच. जनुकाच्या प्रती मोजल्या का? आई किंवा वडील, एका बाजूचं अख्खं जनुक गळालेलं (*५) असलं, तरी उरलेली एकच प्रत वाचून चाचणी *१/*१ सांगू शकते.

तिसरा, थायोप्युरीनसाठी (रक्ताच्या कर्करोगात वगैरे देतात ती औषधं) फक्त टीपीएमटी हे जनुक तपासणारी चाचणी. याच औषधांचा त्रास वाढवणारा एनयूडीटी१५ या दुसऱ्या जनुकातला बदल भारतीयांत त्याहून जास्त आढळतो. हे ज्याला खटकत नाही त्याच्या हाती अभ्यासक्रम देऊ नये, निबंध कितीही असोत.

आता वेळ. आपल्याकडे एखाद्या विभागप्रमुखाला ‘अतिरिक्त कार्यभार’ देतात आणि अभ्यासक्रम तिथेच बसतो. इकडे कामाच्या वेळेची टक्केवारी आधीच ठरवून घेतात. नाशिकमध्येही नेमणूकपत्रात लिहा: ५० टक्के अभ्यासक्रम, ३० संशोधन, २० अध्यापन. नेमणूक पहिल्या प्रवेशाच्या वर्षभर आधी हवी. रुग्णालयाशी करार, एथिक्स समिती आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा यांतच ते वर्ष जातं. पहिली तुकडी १२ जणांचीच ठेवा.

मुलाखतीतला शेवटचा प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ तालुक्यांचा असावा: व्हायव्हॅक्स मलेरियाच्या रुग्णाला प्रायमाक्विन द्यायचंय. जी६पीडी या विकराची कमतरता असेल तर या औषधानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात; मग ती चाचणी कुठे होईल, कोण करेल, रिपोर्ट कधी हातात येईल?